गोधडीवर बटणं, आरसे, लेस लावताय? या चुका टाळा

क्लासला नवीन आलेल्या मुलींचा पहिला प्रश्न ठरलेला, ताई बटणं ग्लू गनने चिकटवली तर चालतील का? नाही चालणार. तो गोंद म्हणजे वितळलेलं प्लास्टिक, इस्त्रीने परत मऊ होतो, धुताना सुटतो आणि मागे असा कडक गोळा ठेवून जातो की तिथे नंतर सुईही नीट जात नाही. गोधडीला आठवडेच्या आठवडे देता मग शेवटच्या दोन तासांना कसली घाई?

पण सगळ्यात जास्त राग येतो तो बाळाच्या गोधडीवर बटणं बघून. आमच्या क्लासमधल्या एकीने भाचीच्या बारशाला गोधडी केली होती, जुन्या नऊवारीची, इतकी सुंदर, वर हत्ती आणि हत्तीला डोळे म्हणून मोत्याची बटणं. मी तेव्हाच म्हटलं, डोळे दोऱ्याने भर. ती म्हणाली ताई घट्ट लावलीयत, ओढून बघा. बारशाला घट्टच होती हो, पण तेच बाळ सहा-सात महिन्यांचं झालं आणि त्याला दात यायला लागले की रोज ते बटण चोखणार, ओढणार, दोरा किती दिवस टिकणार? एक दिवस आजीला बाळाच्या जिभेवर बटण दिसलं म्हणून वेळेत काढलं. खेळण्यांच्या सुरक्षा चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं असतं, त्यात जे अख्खं मावतं ते ३ वर्षांखालच्या मुलांना घशात अडकण्याच्या दृष्टीने धोक्याचं धरतात, आणि आपली बहुतेक सगळी बटणं त्यात आरामात मावतात. त्यामुळे लहान बाळाच्या गोधडीला बटण, मणी, घुंगरू, टिकली काहीही नको. सजवायचंच असेल तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदीच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधडीच्या, कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून फुलं करतात तसं करा, छान दिसतं आणि पूर्ण कापडाचंच असतं.

दुसरी चूक म्हणजे बटण फक्त वरच्या थरात टाकणं. जुनी सुती साडी धुऊन धुऊन विरलेली असते, जड बटण लोंबलं की दोरा तुटत नाही, कापडच फाटतं, मग भोक बुजवायला ठिगळ. मी सुई सगळ्या थरांतून आरपार काढते आणि मागच्या बाजूला एक छोटं चपटं बटण किंवा सुती पट्टीचा तुकडा ठेवते. दोरा दुहेरी, पॉलिएस्टरचा. बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून त्या ढिलाईवर दोरा गुंडाळायचा. आणि प्रत्येक बटणाची गाठ वेगळी! एकाच दोऱ्याने मागून फिरत फिरत पाच बटणं लावली की एक सुटलं तरी बाकीची सैल होतात, हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही.

आत पिंजलेला कापूस असेल तर नुसत्या बटणांवर तो थांबत नाही, धुतल्यावर गोळे होतात, आधी धावदोरा घालाच.

बटणं गोट, म्हणजे कडेची पट्टी, लावून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आधी लावली तर मशीनचा फूट त्यावर चढतो आणि सुई तुटते.

मुंबईची हवा विसरू नका. पावसाळ्यात लोखंडी बटणाला गंज चढतो आणि तो डाग सुती कापडावरून काढणं महाकठीण. भुलेश्वरच्या बाजारात बटणं घ्यायला जाताना मी पर्समध्ये फ्रिजचं मॅग्नेट ठेवते, चिकटलं की ते बटण परत. शिंपल्याची किंवा करवंटीची घ्या. स्वस्तातली गोटापट्टी, म्हणजे ती चमकदार जरीची पट्टी, या दमटपणात काळी पडते, ती रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला नकोच.

सुती लेस आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि सगळी कड गोळा होते. लाल, मरून लेस ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून बघा, रंग सुटला तर वापरू नका.

खऱ्या काचेचे आरसे भिंतीवरच्या कामाला ठेवा, त्यांची धार दोरा कापते. टिकल्यांवर इस्त्री फिरवली की त्या आक्रसतात, म्हणून टिकल्या असतील तर त्या भागाला इस्त्री लावूच नका, ओलं असतानाच हाताने सारखं करून सावलीत आडवं पसरा.