दार लागतं, पण लॅच बसत नाही

पावसाळ्यात दार अडलं की सुतार थेट रंधा काढतो. थांबवा त्याला. दिवाळीनंतर लाकूड सुकतं आणि तिथेच फट पडते. आमचं दार फुगलं नव्हतंच, खाली बसलं होतं. वरच्या बिजागरीचे स्क्रू भोकांत नुसते गरगर फिरायचे. दाराखाली पाचर मारली, भोकांत फेव्हिकॉल लावून गुल काढलेल्या आगकाड्या ठोकल्या, रात्रभर सुकू दिलं आणि जरा लांब स्क्रू पिळले. दार उचललं गेलं, तरी लॅच किंचित अडेच. जिभेला खडू फासून दार लावून पाहिलं, तर चौकटीवरच्या पट्टीच्या खालच्या कडेला पांढरा डाग. तेवढीच कड कानशीने घासली. किल्ली जड फिरत होती, पण कुलपात खोबरेल नको, धूळ धरतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड फुंकली.