दमदार एसयूव्हीतील थरथर : सुटे भाग बदलण्याआधी या चुका टाळा

मोठ्या ताकदीच्या एसयूव्हीत थरथर जाणवू लागली की बहुतेक मालक आधी चाकांचे बॅलन्सिंग करून घेतात, मग अलाइनमेंट, मग नवे टायर, आणि एवढे करूनही ती गेली नाही की इंजिनाच्या माउंटिंगवर, म्हणजे इंजिन पेलणाऱ्या आधारांवर, संशय घेतात. या क्रमात एकेक भाग निर्दोष ठरत जातो, खर्च मात्र प्रत्येक वेळी होतो. येथे मूळ चूक अशी, की थरथर कोठे जाणवते याचीच चर्चा होते. ती कशाबरोबर वाढते आणि कशाबरोबर घटते याची नोंद कोणी ठेवत नाही. सीटखाली जाणवणारे कंपन मागच्या चाकाचे असू शकते, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ऍक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) असू शकते, किंवा गाडीच्या तळाला टेकलेल्या सायलेन्सरच्या पाइपातून आलेले इंजिनाचेही असू शकते.

कंपनाचे नाते सहसा तीनपैकी एका गोष्टीशी असते : इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग किंवा इंजिनावर पडणारा ताण. ते कोणाशी आहे हे ठरवायला सरळ आणि रिकामा रस्ता पुरतो. ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये घालून नुसती वाहू द्यावी. इंजिन चालूच ठेवावे, कारण ते बंद केल्यास स्टिअरिंग आणि ब्रेक यांची मदत जाते. इंजिनाचे फेरे खाली आल्यावरही थरथर तशीच राहिली तर दोष चाके, ऍक्सल किंवा शाफ्ट यांच्याकडे आहे. ती नाहीशी झाली तर इंजिन किंवा ताण, यांपैकी एकावर बोट ठेवता येते. त्यानंतर तोच वेग कायम ठेवून गिअर हाताने बदलावा. वेग तोच असताना फेरे बदलले आणि थरथरीचा ठेका त्यांच्याबरोबर बदलला, तर चाकांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

येथे थोडे गणित करून ठेवलेले बरे. 295/35 आर 21 मापाच्या टायरचा घेर सुमारे 2.32 मीटर असतो, म्हणून ताशी 100 किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदाला जवळपास 12 वेळा फिरते. डिफरन्शिअलचे, म्हणजे ऍक्सलवरील गिअरसंचाचे, गुणोत्तर 3.5 (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेतीन फेरे) धरले तर प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला 42 फेरे घेतो, आणि त्याच्या युनिव्हर्सल जॉइंटचा (टोकाच्या वळत्या सांध्याचा) कोन चुकला असेल तर धक्का प्रत्येक फेरीत दोनदा, म्हणजे सेकंदाला 84 वेळा बसतो. सेकंदाला 12 चे कंपन स्टिअरिंग किंवा सीट हलताना स्पष्ट जाणवते. 42 च्या आसपास ते तळपायाला गुणगुणीसारखे लागते. 84 ला ते जाणवण्यापेक्षा ऐकूच अधिक येते. मोबाइलवरील कंपन मोजणारे ऍप या कामी उपयोगी पडते, परंतु ते सेकंदाला 100 नोंदी घेत असेल तर 50 च्या वरचे कंपन त्याला खरे दिसत नाही, हे विसरून आलेखावर विसंबणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. दुसरा सापळा थेट गिअरचा. झेडएफ या कंपनीच्या प्रचलित आठ गिअरच्या गिअरबॉक्समध्ये सहाव्या गिअरचे गुणोत्तर 1:1 आहे, त्यामुळे त्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात आणि दोघांचे कंपन वेगळे ओळखता येत नाही. चाचणी पाचव्या किंवा सातव्या गिअरमध्ये घ्यावी.

आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, येणाऱ्या थरथरीबाबत माउंटिंगला फार लवकर दोषी धरले जाते. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 750 फेऱ्यांवर चालत असताना सेकंदाला 50 स्फोट होतात आणि ते एकमेकांत मिसळून गुळगुळीत वाटतात. त्यांपैकी एकच सिलिंडर मिसफायर करू लागला, म्हणजे त्यात स्फोट नीट होईनासा झाला, तर सेकंदाला साधारण 6 वेळा एक हबका बसतो, आणि संपूर्ण गाडी डुलल्यासारखी होते. असे संथ डुलणे दिसले तर आधी स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर पाहावा, आणि संशयित सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीला वीज पुरवणारा भाग) शेजारच्या सिलिंडरला लावून दोष तिच्याबरोबर सरकतो का ते तपासावे. खराब माउंटिंग हे कंपन वाढवते, निर्माण करत नाही. याउलट ब्रेक दाबून डी (ड्राइव्ह) मध्ये उभे असताना बारीक थरथर येते, एन (न्यूट्रल) मध्ये टाकताच कमी होते आणि मिसफायरची एकही नोंद नाही, अशा वेळी माउंटिंगवरचा संशय रास्त ठरतो. अनेक महागड्या गाड्यांत द्रव भरलेली, आयडलिंगला मऊ आणि वेगात कडक होणारी माउंटिंग असतात. त्यांच्यातून द्रव गळल्याचे डाग, तुटलेली व्हॅक्यूमची नळी किंवा सुटलेला कनेक्टर आधी पाहावा. कमी ताणाला निम्मे सिलिंडर बंद करणारी इंजिने त्या अवस्थेत थोडी घुमतात, तो दोष नव्हे.

ताणाबरोबर येणारी थरथर सर्वांत जास्त चुकवते. ऍक्सिलरेटर जोरात दाबताना गाडी डावी-उजवीकडे थरथरते आणि पाय उचलताच शांत होते, हे ऍक्सलच्या आतल्या टोकाच्या सीव्ही जॉइंटच्या (कोनात वळू देणाऱ्या सांध्याच्या) झिजेचे लक्षण आहे. बाहेरचा जॉइंट सहसा वळताना कटकट करतो, म्हणून तो लवकर सापडतो. एअर सस्पेन्शनची उंची चुकीची बसली असेल किंवा गाडी मुद्दाम खाली घेतली असेल, तर ऍक्सलचा कोन बदलतो आणि नवा जॉइंटही थरथरू लागतो. मध्यम वेगाला हलक्या ऍक्सिलरेटरवर खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखे वाटत असेल, तर डाव्या पायाने ब्रेक किंचित स्पर्शून पाहावा. त्याने टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या भागाचे) लॉकअप, म्हणजे दोघांची थेट पकड, सुटते, आणि त्याच क्षणी थरथर थांबली तर रोख गिअरबॉक्सच्या तेलाकडे वळतो. तेथे उत्पादकाने सांगितलेलेच तेल घालावे. जवळपासचे चालेल, हा सल्ला मानू नये.

चार चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत केवळ दोनच टायर बदलणे टाळावे. नव्या आणि झिजलेल्या टायरचा घेर वेगळा असल्याने ट्रान्स्फर केसमधील (पुढच्या आणि मागच्या ऍक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीतील) क्लच सतत घसरत राहतो, आणि पुढे वळताना तो अडखळत धक्के देऊ लागतो. एकच ऍक्सल जॅकवर उचलून गिअरमध्ये चाके फिरवणे तर सरळसरळ धोक्याचे आहे, कारण जमिनीवरची चाके गाडीला जॅकवरून ओढून काढू शकतात. अलाइनमेंट केल्याने थरथर जाते, हा समजही सोडून द्यावा. बिघडलेल्या अलाइनमेंटने गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात, त्या झिजेची थरथर नंतर कोन दुरुस्त केले तरी राहतेच. फक्त ब्रेक लावताना येणारी थरथर डिस्ककडे न्यावी, तिचा या शोधाशी संबंध नाही.

प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना खुणा कराव्यात. शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवला गेला, तर आधी नसलेला दोष नव्याने तयार होतो आणि शाफ्टला मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग उगाच बदलले जाते. एका वेळी एकच भाग बदलून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा चाचणी घ्यावी. यादरम्यान चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र चाचणी तेथेच थांबवून ताण काढून घ्यावा, कारण मिसफायरमुळे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते आणि त्याचा गाभा वितळू शकतो.