एक तासाचं शूटिंग आणि नंतरचे तीन तास

एडिटिंग रूममध्ये उमेदवारीला लागले तेव्हा वाट्याला आलेलं पहिलं काम म्हणजे टेपा कॅप्चर करणं. साठ मिनिटांची टेप कॉम्प्युटरवर उतरवायला साठच मिनिटं लागतात, घाई करून भागत नाही. बाकीचे उठून जायचे, मी स्क्रीनसमोर बसून राहायचे. कॅमकॉर्डरबद्दल मला जे काही कळलं ते बरंचसं त्या खुर्चीत. त्यामुळे नव्याने या कामात आलेलं कुणी ‘कोणता एचडी कॅमकॉर्डर घेऊ?’ असं विचारलं की मी उलट विचारते, फुटेज शूटिंगनंतर कोणत्या मशीनवर जाणार आहे? खोक्यावर सगळेच १०८० (चित्रातल्या आडव्या ओळी) लिहितात. ते १०८० आत कसं कोंबलंय यावर तुमची संध्याकाळ ठरते.

माझी सुरुवात एचडीव्हीने, म्हणजे टेपवर एचडी साठवण्याच्या पद्धतीने झाली. कॅनन, शार्प, सोनी आणि जेव्हीसी या चौघांनी २००३ मध्ये हा फॉरमॅट जाहीर केला. त्यातली हुशारी अशी की टेप जुन्या मिनीडीव्हीचीच, म्हणजे एचडीच्या आधीच्या डीव्ही फॉरमॅटची छोटी कॅसेट, आणि १०८०च्या चित्राचा बिटरेटही (सेकंदाला साठणारा डेटा) डीव्हीइतकाच, सुमारे २५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५ मेगाबिट. तेवढ्याच जागेत एचडी बसवायचं म्हणजे चित्र जास्त दाबणं आलं. त्यासाठी एमपीईजी-२ ही चित्र दाबण्याची पद्धत वापरली. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम आपापली पूर्ण असते. एचडीव्हीत ५० हर्ट्झच्या पद्धतीत (सेकंदाला २५ फ्रेम्स) १२ फ्रेम्सचा एक गट असतो. त्यातली एक फ्रेम पूर्ण, बाकीच्यांत फक्त आधीच्या-नंतरच्यापेक्षा काय बदललं एवढंच.

वाचायला हे रुक्ष वाटतं. मला ते एका नृत्याच्या कार्यक्रमाने शिकवलं. काटकसर म्हणून मी आधी वापरलेलीच टेप पुन्हा भरली होती. कॅप्चर करताना नर्तकीने उडी घेतली आणि ती हवेतच थांबली. आवाजही गेला. जवळपास अर्धा सेकंद ती तशीच लटकलेली, मग एकदम जमिनीवर. टेपवर कुठेतरी एक कण, एक ओरखडा. डीव्ही असतं तर एका फ्रेममध्ये चार चौकोन विस्कटले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे गटातली मूळ फ्रेमच गेल्यामुळे तिच्यावर टेकलेल्या सगळ्या गेल्या. तेव्हापासून एचडीव्हीला नेहमी कोरी टेप.

दुसरी गंमत पिक्सेलची. एचडीव्हीचं १०८० म्हणजे १४४० बाय १०८०. दाखवताना ते आडवं ताणून १९२०च्या रुंदीला आणायचं असतं. प्रोजेक्टचं सेटिंग चुकलं की ताणलं जात नाही आणि स्टेजवरचे सगळे उंच, सडपातळ दिसू लागतात. मी एकदा अख्खी फिल्म तशी रेंडर केली होती, म्हणजे तिची अंतिम फाइल बनवली होती. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तक्रार केली नाही, हे वेगळं.

मग एव्हीसीएचडी आलं. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने ते जाहीर केलं. टेप गेली, कार्ड आलं, आणि कोडेक, म्हणजे चित्र दाबण्याची पद्धत, बदलून एच.२६४ झाला. कमी बिटरेटमध्ये चांगलं चित्र मिळायला लागलं. वरची मर्यादा २४ एमबीपीएस होती, २०११च्या नव्या आवृत्तीत ती २८ झाली आणि १०८०चं ५०पी किंवा ६०पी (सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चित्रं) रेकॉर्डिंग आलं. या काटकसरीचं बिल मात्र कॉम्प्युटरच्या नावावर फाटतं. ज्या मशीनवर एचडीव्ही सुरळीत चालायचं, त्याच मशीनवर एव्हीसीएचडीची टाइमलाइन (क्लिप्स रांगेत लावायची पट्टी) अडखळत, दम घेत चालली. प्रत्येक कटनंतर वाट पाहा. शेवटी सगळं फुटेज आधी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचडी या एडिटिंगला सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायला लागले. फाइल्स कितीतरी पटींनी फुगतात, पण एडिटिंग करताना हात थांबत नाही. शीर्षकातल्या तीन तासांपैकी एक तास हा. आजच्या मशीनवर बहुतेक वेळा ही पायरी लागत नाही. जुना लॅपटॉप असेल तर तिचा वेळ आधीच धरून ठेवा.

एव्हीसीएचडीने दिलेला खरा फटका मात्र कॉपी करताना बसला. कार्ड उघडलं की प्रायव्हेट, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम अशी फोल्डरची उतरंड लागते आणि तळाशी व्हिडिओच्या एमटीएस फाइल्स सापडतात. मला वाटलं, मुद्देमाल तेवढाच. सकाळच्या कार्डातल्या एमटीएस फाइल्स ओढून एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि कार्ड फॉरमॅट करून दुपारी पुन्हा लावलं. संध्याकाळी दुपारच्या फाइल्स त्याच फोल्डरमध्ये टाकल्या. कॉम्प्युटरने ‘बदलू का?’ असं विचारलं, मी दमलेली, ‘हो’ म्हणाले. अनेक कॅमेरे फॉरमॅटनंतर ००००० पासूनच पुन्हा मोजायला सुरुवात करतात. सकाळचं शूटिंग दुपारच्या शूटिंगखाली गाडलं गेलं.

म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर, नावात तारीख आणि कार्डाचा क्रमांक, आणि आतली सगळी उतरंड जशीच्या तशी. तिला हात न लावण्याचं आणखी एक कारण आहे. कार्डावरच्या फॅट३२ या फाइल साठवण्याच्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून लांब रेकॉर्डिंग तुकड्यातुकड्यांत साठतं. तुकडे कसे जोडायचे याची माहिती शेजारच्या फोल्डरमध्ये असते. नुसत्या एमटीएस उचलून टाइमलाइनवर एकापुढे एक ठेवल्या की सांध्यावर दोन-चार फ्रेम्स गळतात आणि चालू गाण्यात ‘टक्’ असा आवाज येतो. तो एकदा ऐकला की दर वेळी ऐकू येतो.

बिट आणि बाइटच्या गोंधळात माझे पैसे गेले आहेत, तुमचे जाऊ नयेत. २४ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २४ मेगाबिट. आठने भागा, ३ मेगाबाइट. तासाला साधारण ११ जीबी. क्लास ४ चं कार्ड सेकंदाला किमान ४ मेगाबाइट लिहिण्याची हमी देतं, म्हणजे एवढ्याला पुरतं. मी महागडं वेगवान कार्ड घेतलं आणि चित्र सुधारेल म्हणून वाट पाहत बसले. ते सुधारत नाही, फक्त कॉपी लवकर होते. नंतर आलेल्या एक्सएव्हीसी एस या फॉरमॅटमध्ये एचडीसाठी ५० एमबीपीएसपर्यंत जाता येतं, तासाला २२ जीबीच्या वर. तिथे कार्डाचा वेग खरोखर पाहावा लागतो.

आता आय (इंटरलेस्ड, अर्धी चित्रं) आणि पी (प्रोग्रेसिव्ह, पूर्ण चित्रं). १०८०च्या ५०आयमध्ये सेकंदाला ५० वेळा अर्धं चित्र घेतलं जातं, एकदा विषम ओळी, एकदा सम, प्रत्येकी ५४०. जुन्या टीव्हीला हे मानवायचं. कॉम्प्युटरवर ती दोन अर्धी एकत्र आली की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात, कारण मधल्या एका पन्नासांश सेकंदात हात पुढे सरकलेला असतो. डीइंटरलेस करून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं बनवून, दात जातात, थोडी धारही जाते. पर्याय असेल तर माझं मत सरळ ५०पीला. २५पीला सिनेमासारखा बाज येतो खरा, पण कॅमेरा भरभर फिरवला की चित्र ठेचकाळतं.

सेकंडहँड कॅमेरा घेणार असाल तर तो ५० हर्ट्झचा आहे की ६०चा, हे आधी बघा. बहुतेक घरगुती मॉडेल्समध्ये ते बदलता येत नाही. जिथे वीज ५० हर्ट्झची, तिथे ६०आयचा कॅमेरा ट्यूबलाइटखाली धरला की चित्र लुकलुकतं. शटर १/१०० वर ठेवलं की थांबतं, पण उजेड तेवढा कमी मिळतो.

छोट्या ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर एचडी रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. डिस्क १.४ जीबीची, पंधरा-वीस मिनिटांत संपते. हार्डडिस्कवालेही नकोत, दणदणत्या स्पीकरशेजारी ते रेकॉर्डिंग सोडून देऊ शकतात.

तुलना करताना दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर शेजारीशेजारी लावा आणि वाऱ्यात हलणारी झाडाची पानं शूट करा. बिटरेट अपुरा असेल तर पानांचा हिरवा चिखल होतो. मग अंधारा कोपरा घ्या. इथे लेन्स आणि सेन्सरचा आकार फॉरमॅटपेक्षा जास्त बोलतो. कमी उजेडात मोठ्या सेन्सरच्या टेपवाल्या कॅमेऱ्याने नव्या, इवल्या कार्डवाल्याला मागे टाकलेलं मी पाहिलंय. हेडफोनचं भोक आणि माइकचं भोक आहे का ते बघा. दुसरं नसेल तर मी तो कॅमेरा परत ठेवते. आणि निकाल कॅमेऱ्याच्या तीन इंची पडद्यावर लावू नका, तिथे सगळंच देखणं दिसतं.

ज्यांच्या हाती जुन्या टेपांचा खोका आला असेल त्यांच्यासाठी एक. टेपवरचं एचडीव्ही यूएसबीने उतरेल असं धरून चालू नका, फायरवायर ही जुनी केबल-जोडणी शोधा. कॅमेऱ्याकडचं टोक सहसा चार पिनांचं, कॉम्प्युटरकडचं सहा किंवा नऊ. सगळं जोडूनही कॅमेरा दिसत नसेल तर केबल बदलण्याआधी मेनूत जा. प्लेबॅक एचडीव्हीवर आहे का आणि एचडीचं डीव्ही करून पाठवण्याचा पर्याय चुकून चालू राहिलाय का, ते पाहा. माझा त्यात अर्धा दिवस गेला होता, आणि त्या अर्ध्या दिवसात मी दोन केबल्स विकत आणल्या होत्या.