हॉटेलात ढेकूण सापडला? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

कोकणातल्या एका लॉजवर रात्री अडीचला मानेला खाज सुटून जाग आली. दिवा लावला तर उशीच्या अभ्र्यावर रक्त पिऊन टम्म झालेला ढेकूण! मी काय केलं? चपलेनं चिरडला. अर्धी केस तिथेच गेली. सकाळी मॅनेजर थंडपणे म्हणाला, "साहेब, डास असतील. आणि ढेकूण असलाच, तर तुमच्या बॅगेतून आला असेल."

हे हॉटेलवाल्यांचं हुकमी उत्तर, आणि त्याला तोड गादीच्या शिवणीत असते. ढेकणाचं अंडं फुटायला साधारण 6 ते 10 दिवस लागतात, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत 5 वेळा कात टाकतं. म्हणून चादर उचला, गादीच्या कडेची शिवण बोटांनी उलगडा, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे मोबाईलचा उजेड मारा. लहानमोठ्या फिकट काती, शाई सांडल्यासारखे काळे ठिपके, पांढरट अंडी दिसली, तर हा संसार कालच्या पाहुण्यानं मांडलेला नाही हे उघड आहे. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. एक व्हिडिओ दाराच्या रूम नंबरपासून सुरू करून न थांबता गादीपर्यंत न्या. जिवंत ढेकूण चिकटपट्टीवर घेता आला तर उत्तमच. खरं तर हे सगळं बॅग पलंगावर टाकण्याआधीच पाहायला हवं, पण प्रवासानं दमलेला माणूस आधी आडवा होतो. मीही तेच केलं.

दुसरी चूक काउंटरवरची. तिथे आवाज चढवून बरं वाटतं, पण त्याची नोंद कुठेच राहत नाही. फोटोंसह तक्रार हॉटेलच्या व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लगेच टाका. बुकिंग ॲपवरून केलं असेल तर तिथेही टाका. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी, असं 2020 चे ई-कॉमर्स नियम सांगतात. अंगावर चट्टे असतील तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि तारखेचा कागद घ्या. काहींना चट्टे उठायलाच काही दिवस लागतात, तेव्हा 'आता काही दिसत नाही' म्हणून विषय सोडू नका.

"बिल नको असेल तर दोनशे कमी करतो" याला भुलू नका. तुम्ही त्यांचे ग्राहक होता, याचा सरळ पुरावा म्हणजे ते बिल. आणि खोली बदलून देतात तेव्हा शेजारची घेऊ नका. भिंतीच्या फटींतून, वायरींच्या नळ्यांतून ढेकूण तिकडेही पोचलेले असू शकतात.

पैसे परत देताना 'काही तक्रार उरली नाही' अशा कागदावर घाईत सही करू नका. त्याहून घातक म्हणजे "पैसे द्या, नाहीतर रिव्ह्यू टाकतो" ही धमकी. तिचा स्क्रीनशॉट उद्या तुमच्याच विरुद्ध येतो.

खटला हॉटेलच्या गावी चालवावा लागेल, या समजुतीनं बरेच जण गप्प बसतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा नोकरी करता, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मुदत 2 वर्षं. हॉटेलला मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, त्यावर कधीकधी तडजोड होऊन जाते. 2024 मध्ये मंगळूरकडच्या जिल्हा आयोगानं बसमधल्या ढेकणांबद्दल एका प्रवासी महिलेला सव्वा लाखाहून जास्त देववले. तिकीट होतं 850 रुपयांचं. प्रत्येकाला एवढे मिळतीलच असं नाही, पण 'ढेकणासाठी कोण कोर्टात जातं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा ऐकावा.

घरी आल्यावरची चूक वेगळीच. आई म्हणाली, बॅग उन्हात टाक. नुसत्या उन्हात ढेकूण अस्तराच्या सावलीत सरकतात. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुवावे लागतात, आणि बॅगेची प्रत्येक शिवण तपासावी लागते. चाकांजवळच्या कापडात मला एक सापडलाच. आधी फोटो काढला, मग चप्पल.