अपडेटनंतर बॅटरीवर लगेच निकाल देऊ नका
फोनवर नवं अँड्रॉइड किंवा आयओएस आलं की सुरुवातीचे काही दिवस बॅटरी भराभर उतरते, फोन गरमही होतो. अशा वेळी लगेच घाबरू नका. आतमध्ये फोटो-फाइलींची सूची नव्याने बनत असते, ॲप्स नव्या आवृत्तीसाठी तयार होत असतात. रात्री फोन चार्जिंगला आणि वायफायवर ठेवला की हे काम लवकर उरकतं. आठवड्यानंतरही तीच गत असेल, तर सेटिंग्जमधल्या बॅटरीत जाऊन कोणतं ॲप जास्त खातंय ते बघा आणि ते अपडेट करा. जुन्या आवृत्तीवर परतायची घाई मुळीच नको. अँड्रॉइडवर त्यासाठी बहुधा सगळा डेटा पुसावा लागतो. आईबाबांच्या फोनवर अपडेट टाकण्याआधी तर बॅकअप घ्याच.