ड्यूरेनमाट वाचायचाय? आधी बूट बघा

स्विस लेखक फ्रीडरिश ड्यूरेनमाट कुठून सुरू करू, असं माझ्याकडे जर्मन शिकायला येणारी मुलं दरवर्षी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: नाटकं नंतर, आधी रहस्यकथा. जर्मन कच्चं असेल तर इंग्रजी अनुवाद घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

पहिलं पुस्तक ‘न्यायाधीश आणि त्याचा जल्लाद’. ड्यूरेनमाट स्वित्झर्लंडच्या कोनोल्फिंगेन गावचा, पाद्र्याचा मुलगा, जन्म १९२१ चा. नाटकांवर घर चालेना, तेव्हा ही कादंबरी त्याने पैशांसाठी एका नियतकालिकात हप्त्याहप्त्याने लिहिली. म्हणून प्रकरणं छोटी आणि भाषा सरळ. गावचा पोलीस रस्त्याकडेला उभी निळी मर्सिडीज बघतो, आतला माणूस प्यायलेला असेल समजून प्रेमाने खांद्यावर हात ठेवतो, आणि मग कळतं. इथे शब्दकोश उघडू नका, वाचत सुटा. शेवटाकडे म्हातारा, पोटाने आजारी कमिसार (पोलीस अधिकारी) बेरलाख जेवायला बसतो, ते प्रकरण मात्र दोनदा वाचा.

मग ‘दी पाने’, म्हणजे गाडीचा बिघाड. छोटी आहे, एका रात्रीत होते. गाडी बंद पडलेला फिरता विक्रेता ट्राप्स निवृत्त वकील-न्यायाधीशांच्या घरी मुक्कामाला थांबतो आणि त्यांच्या खेळातला आरोपी होतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पाहिलेल्याला खेळातला खटला काय करू शकतो हे सांगायला नको. टेबलावर लक्ष ठेवा: पदार्थांमागून पदार्थ येतात, वाइन जुनी जुनी होत जाते, आणि ट्राप्सची जीभ सैल सुटते.

एवढं झालं की ‘वृद्ध बाईंची भेट’ हातात घ्या. १९५६ साली झुरिकमध्ये रंगभूमीवर आलेलं हे नाटक माझं सगळ्यात आवडतं. अब्जाधीश क्लेअर आपल्या कंगाल गावात परतते आणि तरुणपणी तिला फसवणाऱ्या दुकानदार इलच्या जिवाच्या बदल्यात गावाला एक अब्ज देऊ करते. गाव बाणेदारपणे नाही म्हणतं. इथून पुढे पेन्सिल हातात हवी. दुसऱ्या अंकात इलच्या दुकानात गिऱ्हाइकं येतात. आज दूध साधं नको, सायीचं द्या. लोणी द्या, चॉकलेट द्या. पैसे? मांडून ठेवा. आपल्याकडे वाण्याला सांगतात तसंच. प्रत्येक उधारीखाली रेघ मारा. मग इलचं लक्ष त्यांच्या पायांकडे जातं: नवे पिवळे बूट. सगळ्यांचेच. तो संरक्षण मागायला पोलिसाकडे जातो, तर त्याच्याही पायांत तेच. माझ्या प्रतीत त्या पानाचा कोपरा झिजून गेलाय. कुणीही ‘मारू या’ म्हटलेलं नाही, तरी ते पैसे कुठून फेडायचे हे सगळ्यांना माहीत आहे. क्लेअर क्रूर की न्यायी, हा वाद मुलं लगेच सुरू करतात. मी म्हणते, आधी बुटांची यादी करा.

‘दी फिझिकर’, म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ (१९६२), हे नाटक त्यानंतर. वेड्यांच्या इस्पितळात तीन भौतिकशास्त्रज्ञ, आणि नर्सचा खून. पहिल्या अंकात इन्स्पेक्टर सिगार आणि दारू मागतो तेव्हा त्याला काय ऐकावं लागतं ते लक्षात ठेवा. दुसऱ्या अंकात जवळपास तेच संवाद फिरून येतात, पण बोलणारे बदललेले असतात. नाटकाला जोडलेले २१ मुद्दे आधी वाचू नका. गोष्ट शक्य तितक्या वाईट वळणावर पोचली की ती पुरती विचार करून झाली, असं त्यात आहे, आणि ते नाटकातून गेल्यावरच पटतं.

‘वचन’ (१९५८) सगळ्यांत शेवटी. ड्यूरेनमाटने आधी चित्रपटासाठी कथा लिहिली, त्यात खुनी सापडतो. त्या शेवटाने त्याचं समाधान झालं नाही, म्हणून त्याने कादंबरी लिहिली. तिच्यात पोलीस अधिकारी माथेई खून झालेल्या एका मुलीच्या आईला दिलेल्या शब्दासाठी रस्त्याकडेचा पेट्रोल पंप चालवायला घेतो आणि खुन्याची वाट बघत बसतो. शेवटची पानं मला वर्गात मोठ्याने वाचवत नाहीत. ती तुम्ही घरी, एकट्याने वाचा.