भयपटाचा चाचणी खेळ: अंधारातले प्रेक्षक कसे वाचायचे

भयपटाचा पहिला कट, म्हणजे एडिटिंग झालेली पहिली आवृत्ती, तयार होईपर्यंत दिग्दर्शक आणि एडिटर दोघांचीही भीती मेलेली असते. तोच दचका शेकडो वेळा मागे-पुढे करून पाहिला की शरीर त्याला दाद देईनासं होतं. मग तो प्रसंग चालतो की नाही, हे अनोळखी माणसांनी भरलेल्या अंधाऱ्या थिएटरातच कळतं. त्यासाठी प्रदर्शनाआधी प्रेक्षक बोलावून चित्रपट दाखवतात, तोच चाचणी खेळ. भुताच्या चित्रपटाला याची गरज जास्त. सुरा घेतलेला माणूस धोकादायक आहे हे कुणाला पटवावं लागत नाही. भूत मात्र प्रेक्षकाने आधी मनात मान्य करावं लागतं. ते मान्य झालं का, हे खेळानंतर प्रेक्षकांनी भरलेल्या फॉर्मवर नीट उतरत नाही. लोक फॉर्मवर ‘मी घाबरलो नाही’ असं लिहितात आणि खेळाच्या वेळी केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तेच लोक पाय खुर्चीवर ओढून बसलेले दिसतात. म्हणून चाचणी खेळात कागदापेक्षा शरीराकडे लक्ष द्यायचं.

हॉल आणि माणसं

१२० प्रेक्षक असतील तर १५० खुर्च्यांचा हॉल घ्या, ४०० चा नको. प्रतिक्रिया खुर्चीवरून खुर्चीवर पसरते, मध्ये रिकाम्या रांगा आल्या की तुटते. हसण्यावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांना आढळलं होतं की माणूस एकटा असण्यापेक्षा चारचौघांत सुमारे ३० पट जास्त हसतो. किंकाळीलाही अशीच सोबत लागते. लोकांना मध्यभागी सलग बसवा आणि कडेच्या खुर्च्या बंद ठेवा.

निम्मे लोक भयपट नेमाने पाहणारे आणि निम्मे अधूनमधून पाहणारे असावेत. फक्त शौकीन बोलावले तर त्यांना प्रत्येक दचका आधीच ओळखू येतो. फक्त नवखे बोलावले तर कशालाही किंचाळतात, आणि दोन्हीकडून तुमची फसगत होते. दोघा-चौघांचे गट चालतात. दहा जणांचं टोळकं एकाच रांगेत बसवू नका, ते पडद्यासाठी नाही तर एकमेकांसाठी ओरडतात. नातेवाईक आणि युनिटमधली माणसं अजिबात नकोत.

बोलावताना ‘भुताचा चित्रपट आहे’ एवढं स्पष्ट सांगा, गोष्ट सांगू नका. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा प्रकाश असेल तर फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी (लखलखत्या प्रकाशाने फिट येण्याचा आजार) असणाऱ्यांसाठी आमंत्रणातच सूचना द्या.

खेळाआधीचा तास

बहुतेक चाचण्या इथेच फसतात आणि दोष चित्रपटावर जातो. आवाज आधी तपासा. पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखर आवाज) लावून, फेडर (हॉलचा आवाज कमी-जास्त करणारं बटण) ७ वर ठेवून, हॉलच्या साधारण दोन तृतीयांश मागच्या खुर्चीवर पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरचा आवाज ८५ डेसिबल यायला हवा. रोजच्या खेळांना फेडर बरेचदा ५ च्या आसपास असतो. ७ वरून ५ वर आला की आवाज जवळपास ७ डेसिबलने उतरतो. एवढ्याने कुजबुजीचे संवाद विरतात आणि दचक्याचा ठोका बोथट होतो. ऑपरेटरला आकडा लिहून द्या आणि मध्ये कुणाच्याही तक्रारीवरून तो हलवायचा नाही हे ठरवून घ्या.

मग उजेड. पडद्याच्या मध्यभागी पूर्ण पांढऱ्या चौकटीवर ४८ निट्स (उजेड मोजायचं एकक), म्हणजे जुन्या मापात १४ फूट-लँबर्ट, हे ठरलेलं माप आहे. प्रोजेक्टरचा दिवा जुना असेल तर ते बरंच खाली येतं, आणि दाराच्या फटीत उभी असलेली तुमची सावली कुणाला दिसतच नाही. त्या जागी प्रेक्षक गप्प राहिले तर ती भीती नव्हे, त्यांना काही दिसलेलंच नाही. सगळ्यात काळोखा प्रसंग आधी लावून शेवटच्या रांगेतून बघा. बाहेर जाण्याच्या दिव्याचा डाग पडद्यावर पडतोय का तेही बघा. दिवा झाकायचा नाही, कारण तो सुरक्षेसाठी आहे. असा डाग असेल तर दुसरा हॉल शोधा.

टिपायची साधनं

पडद्याखाली प्रेक्षकांकडे तोंड करून दोन इन्फ्रारेड कॅमेरे लावा. इन्फ्रारेड दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे घेतले तर पुढच्या रांगांना अंधारात लाल ठिपके दिसतात आणि भुताच्या चित्रपटात ते ठिपके नको ते अर्थ घेतात. ९४० चे दिवे डोळ्यांना दिसत नाहीत, पण कॅमेऱ्यालाही ते कमी दिसतात, म्हणून जास्त लागतात. चित्रीकरण होणार हे प्रेक्षकांना आधी सांगून लेखी संमती घ्या आणि रेकॉर्डिंग कधी पुसणार तेही त्यात लिहा. चोरून टिपलेल्या चेहऱ्यांवर काम करू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आवाजासाठी दोन माईक, एक पुढच्या तृतीयांशात आणि एक मागे, दोन्ही प्रेक्षकांच्या दिशेने. रेकॉर्डरवरचं ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय, आठवणीने बंद करा. ते चालू राहिलं तर यंत्र शांततेत आवाज वाढवत नेतं आणि किंकाळीला खाली दाबतं, म्हणजे नेमका हवा तो फरकच पुसून टाकतं. चित्रपटाच्या पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी एका फ्रेमचा पांढरा झगमगाट आणि बीप ठेवा, म्हणजे रेकॉर्डिंग आणि टाइमलाइन (एडिटिंगमधली चित्रपटाची वेळपट्टी) जुळवायला त्रास होत नाही. जुळवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: २५ मीटर मागे आवाज पोचायला सुमारे ७३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशोबात जवळपास दोन फ्रेम. शेवटची रांग उशिरा दचकलेली दिसते ती त्यामुळे.

शिवाय टिपणं काढायला तीन माणसं बसवा: पुढे डावीकडे, मध्ये उजवीकडे आणि मागे. वहीत चार रकाने पुरतात: वेळ, पडद्यावर काय, काय घडलं, हॉलच्या कुठल्या भागात. खुणा एकाक्षरी ठेवा: द म्हणजे दचका, श शांतता, ह हसू, कु कुजबुज, खो खोकला, मो मोबाइल. मत लिहायचं नाही, फक्त घडलेलं लिहायचं.

दचका वाचताना

अचानक मोठा आवाज झाला की ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटू लागतात, लगेच मान आखडते आणि खांदे वर जातात. हे प्रतिक्षिप्त आहे. दारामागे भांडं आपटलं तरी एवढं होतंच. त्यामुळे किंकाळ्या मोजून खूश होऊ नका. त्या मिक्सिंगच्या, म्हणजे आवाजांच्या पातळ्या जुळवण्याच्या, कामाची पावती असू शकतात.

खरा निकाल पुढच्या पाच सेकंदांत लागतो. रेकॉर्डिंगमध्ये एकच खुर्ची निवडा आणि ती फ्रेम-फ्रेमने बघा. पॉपकॉर्नच्या डब्यातून निघालेला हात अर्ध्यावर थांबला आहे. ठोका पडतो, पापण्या मिटतात, हनुवटी छातीकडे जाते. मग माणूस शेजारच्याकडे बघून हसतो आणि हात पुन्हा डब्यात जातो. इथे दचका झाला आणि संपला. दुसऱ्या प्रकारात नजर पडद्यावरून हलत नाही, हात तिथेच राहतो, पाय हळूच वर ओढले जातात. भूत मान्य झालं ते इथे.

दचक्याच्या आधीचे दहा सेकंदही बघा. किती जणांनी कानांवर हात नेले? डोळे झाकणाऱ्याला काय दिसेल याची भीती असते; कान झाकणाऱ्याला आता आवाज येणार हे कळलेलं असतं. पाच-सहा जणांचे हात एकाच क्षणी वर गेले तर तुमच्या साउंडट्रॅकने चुगली केली आहे. बहुतेक वेळा कारण एकच असतं: दचक्याच्या दीड-दोन सेकंद आधी पार्श्वसंगीत झपकन थांबलेलं असतं. शौकिनांना ही खूण पाठ आहे. संगीत आठ-दहा सेकंद आधीच विरघळू द्या, पडद्यावरच्या खोलीचा साधा आवाज चालू ठेवा आणि दचका लोकांच्या अंदाजापेक्षा थोडा अलीकडे किंवा पलीकडे सरकवा. सबटायटल असतील तर तीही तपासा. ‘मागे बघ’ ही ओळ संवादाच्या आधी वाचून झाली तर मागे काही आहे हे अर्ध्या हॉलला आधीच कळतं. अशी ओळ दोन तुकड्यांत तोडा.

दचके वाढवून भीती वाढत नाही. ‘जॉज’च्या (१९७५) पहिल्या चाचण्यांनंतर स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी बुडालेल्या बोटीतल्या मुंडक्याचा दचका एका जलतरण तलावात नव्याने चित्रित करून घातला. तिथे हॉल किंचाळला, पण पुढे शार्क पहिल्यांदा तोंड वर काढते त्या जागची किंकाळी आधीपेक्षा उतरली, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. एकदा फसलेला प्रेक्षक सावध होतो. नवा दचका घातलात की त्याच्या पुढचे सगळे पुन्हा मोजा.

हसू

भयपटात हसू आलं की दिग्दर्शकाच्या पोटात गोळा येतो, पण सगळं हसू वाईट नसतं. दचक्यानंतर एक ते तीन सेकंदांत उच्छ्वासासारखं सुटणारं आणि लगेच ओसरणारं हसू म्हणजे सुटका. त्याला जागा द्या. महत्त्वाचा संवाद पुढच्या चारेक सेकंदांत असेल तर तो त्यात बुडतो. ताण वाढत असताना तुरळक खिदळणं म्हणजे काहींना तो झेपत नाहीये. हेही चालेल, फक्त प्रसंगाच्या सुरुवातीलाच आलं तर प्रसंग लांबलाय.

धोक्याचं हसू वेगळं. ते एका कोपऱ्यात, नाकातून निघालेल्या आवाजासारखं सुरू होतं, पसरतं, आणि पुढच्या गंभीर प्रसंगातही परत येतं. त्याची जागा टाइमलाइनवर शोधली तर बहुधा भूत पूर्ण उजेडात, गरजेपेक्षा जास्त वेळ दिसत असतं, किंवा कुणीतरी त्याचा इतिहास समजावून सांगत असतं. पहिला उपाय कात्रीचा: भुताच्या शॉटमधून ८ ते १२ फ्रेम काढा. तेवढ्याने भागलं नाही तर भुताऐवजी त्याला बघणाऱ्याचा चेहरा ठेवा. मेकअप नव्याने करायला धावण्याआधी हे करून बघा.

शांतता आणि पहिला खोकला

आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती शांतता. खाणं थांबतं, खुर्च्यांची करकर थांबते, एसीची घरघर ऐकू येऊ लागते. मागच्या माईकच्या ट्रॅकवर ही जागा सरळ रेषेसारखी दिसते. मग कुणीतरी खोकतं आणि पाठोपाठ आणखी दोघं खोकतात. तो पहिला खोकला फार उपयोगी, कारण ताण तिथे तुटला. प्रसंगाचा शेवट त्याच्या आधी येईल असा कापा. मात्र कारण अलीकडे शोधा: ताण सैल करणारा शॉट खोकल्याच्या पाच-सात सेकंद आधीच येऊन गेलेला असतो.

फॉर्म आणि दुसरा खेळ

दिवे लागताच, लोक आपसात बोलण्याआधी एकपानी फॉर्म द्या. ‘भीती वाटली का?’ असं विचारू नका. ‘कुठला प्रसंग घरी गेल्यावर आठवेल?’, ‘कुठे गोंधळ झाला?’, ‘भुताला काय हवं होतं?’ असं विचारा. शेवटच्या प्रश्नाला निम्म्या लोकांची उत्तरं वेगवेगळी आली तर गडबड पटकथेत आहे, दचक्यांत नाही. नंतर १५-२० जणांना थांबवून बोला, पण दिग्दर्शक त्या खोलीत नको; त्याच्यासमोर लोक गोड बोलतात.

बदल केल्यावर पुन्हा खेळ लावाल तेव्हा हॉल तोच आणि फेडरचा आकडा तोच ठेवा. माणसं मात्र सगळी नवी हवीत. एका फेरीत चार-पाच जागांपेक्षा जास्त बदल केले तर कशाने काय सुधारलं ते उलगडत नाही. दोन्ही खेळांचे आवाजाचे ट्रॅक टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवा, पण कापलेल्या फ्रेमइतका जुना ट्रॅक सरकवायला विसरू नका, नाहीतर शेवटच्या रिळात सगळ्या किंकाळ्या चुकीच्या शॉटवर पडलेल्या दिसतील.